बॅटरीचं काम सोडून क्लायमेट फंडात जावं का?

सेलवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल सांभाळून घ्या.

वय ३१, मेकॅनिकल इंजिनियर. सात वर्षं बॅटरी पॅकचं थर्मल डिझाइन करतोय. म्हणजे सेल तापले की उष्णता कुठून काढायची, कूलिंग प्लेट कुठे बसवायची, एक सेल पेटलाच तर शेजारचा पेटू नये म्हणून मध्ये काय घालायचं. काम आवडतं. पण गेली दोन वर्षं एका गोष्टीने डोकं खाल्लंय. आमच्याच लॅबमध्ये एक चांगली कल्पना पैशावाचून कपाटात पडून आहे, आणि बाहेर जिला आम्ही जेवणाच्या सुट्टीत हसतो तिच्यावर लोक कोट्यवधी ओततात. हे ठरवतं कोण, आणि कशावरून?

तर आता एका क्लायमेट टेक फंडाकडून, म्हणजे हवामान बदलावरच्या तंत्रज्ञानाच्या नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्यांकडून, असोसिएटची ऑफर आली आहे. फंड १० कोटी डॉलरचा, मुदत दहा वर्षांची. पगार आत्ताच्या पाऊणपट, वर 'कॅरीमध्ये अर्धा टक्का' असं पत्रात लिहिलंय (कॅरी म्हणजे नफ्यातला फंड चालवणाऱ्यांचा वाटा). मुलाखतीत त्यांनी मला एका स्टार्टअपची माहिती वाचायला दिली आणि मत लिहून मागितलं. मी चार पानं लिहिली, त्यातली साडेतीन सेलच्या केमिस्ट्रीवर. पार्टनरबाईंनी वाचून एवढंच विचारलं, "छान आहे. पण हे विकत कोण घेणार?" त्यावर माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. तरी ऑफर दिली, त्याचंच नवल वाटतंय.

विचारायचंय ते असं. आधी एमबीए करावं का? असोसिएटच्या पुढे वाट कशी जाते? नाही जमलं तर परत इंजिनियरिंगमध्ये कोणी घेतं का? आणि क्लायमेट टेकचा फुगा एकदा फुटलाय म्हणतात, तो पुन्हा फुटला तर माझं काय? उत्तर पंधरा दिवसांत द्यायचंय.

---

धोपटमार्गी

कॅरी म्हणजे दहा वर्षांनी मिळेल की नाही ते माहीत नसलेला पगार. पाऊणपटात घर चालत असेल तर जा, नसेल तर नको. बाकी सगळं तत्त्वज्ञान.

---

मीटरबाई

सेलवाला, प्रतिसाद लांबणार आहे, आधीच सांगते. धोपटमार्गींचं म्हणणं चूक नाही, पण तेवढ्यावर धागा बंद करण्यासारखं ते नाही.

माझी वाट वाकडीतिकडी आहे. केमिकल इंजिनियर, नऊ वर्षं प्लांट कमिशनिंग, मग पाच वर्षं कर्ज देणाऱ्यांच्या वतीने प्रकल्पांची तांत्रिक तपासणी, आणि आता बारा वर्षं फंडात. हे नाव कसं पडलं ते सांगते, कारण तुमच्या एमबीएच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच येतं.

फंडात नवीनच होते. पाण्यातून हायड्रोजन काढणारे इलेक्ट्रोलायझर बनवणारी एक कंपनी आली. फाउंडर हुशार, स्लाइड्स देखण्या, आणि एका स्लाइडवर मधोमध आकडा: किलोमागे ४६ युनिट वीज. आता एक किलो हायड्रोजनला सिद्धान्तानेच ३९.४ युनिट लागतात, आणि चालत्या प्लांटमध्ये ५० ते ५५ आरामात जातात. म्हणजे ४६ खरं असेल तर पैसे घेऊन धावत सुटावं. पायलट, म्हणजे चाचणीचा छोटा प्लांट बघायला गेलो. सगळी मंडळी स्टॅकभोवती उभी, म्हणजे जिथे विजेने पाण्यातून हायड्रोजन सुटतो त्या भागाभोवती. मी केबल आत कुठून येते ते बघत भिंतीपर्यंत गेले. तिथे मीटर होता, त्यावर धूळ होती. रीडिंग लिहून घेतलं. चार तासांनी परत घेतलं, तेवढ्या वेळात किती वायू निघाला ते त्यांच्याच फ्लोमीटरवरून घेतलं आणि पाकिटाच्या मागे भागाकार केला. ५७ आले.

फाउंडर खोटं बोलत नव्हता बरं का. तो स्टॅकच्या तोंडाशी डीसी मोजत होता. एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमध्ये जाणारी वीज, पाणी शुद्ध करायला लागणारी, थंड करायला, वायू कोरडा करायला आणि कॉम्प्रेसरला लागणारी, ही सगळी त्याच्या लेखी 'बाकीचं सामान'. बिल मात्र भिंतीवरच्या मीटरचं येतं. शिवाय स्टॅकची कामगिरी घसरत नाही असं दाखवणारी स्लाइडवरची सपाट रेघ ७०० तासांची होती, आणि आर्थिक मॉडेलमध्ये स्टॅकचं आयुष्य ६०,००० तास धरलेलं होतं. त्या दिवसापासून ऑफिसात मी मीटरबाई.

आम्ही पैसे घातले नाहीत. दुसऱ्या एका फंडाने घातले. ती कंपनी आजही चालू आहे आणि बरी चालली आहे, स्टॅकही त्यांनी पुढे खूप सुधारला. तेव्हा मीटर बरोबर वाचूनही मी चुकले असेन. या धंद्यात ही शक्यता कायम खिशात ठेवून फिरावं लागतं.

एमबीएचं विचारलंत. तुम्ही साडेतीन पानं केमिस्ट्रीवर लिहिलीत, अर्धं पान कमी पडलं. त्या अर्ध्या पानासाठी दोन वर्षं घालवू नका. ताळेबंद वाचणं, रोख प्रवाहाचं मॉडेल उभं करणं, शेअरहोल्डर करारात कुणाला आधी पैसे मिळतात ते समजणं, हे सहा-आठ महिन्यांत काम करता करता येतं. माझं आलं, आणि मला व्याज-चक्रवाढीपलीकडे काही येत नव्हतं. उलट्या दिशेने ते जमत नाही. फायनान्समधून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांना मी दहा वेळा दाखवूनही पंप कॅव्हिटेशनचा, म्हणजे पंपात बुडबुडे फुटतात तो आवाज ओळखता येत नाही. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांनी तो रात्री तीन वाजता ऐकलेला नाही. हां, फाउंडरांशी ओळखी आणि नोकरी बदलायचं दार म्हणून एमबीए हवं असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्यापाशी तर ऑफर हातात आहे.

आता फुगा. फुटला हे खरं, पण का फुटला ते नीट बघा, कारण मुलाखतीत आणि नंतरही जन्मभर तुम्हाला हे विचारतील. २००६ ते २०११ या काळात व्हेंचरवाल्यांनी, म्हणजे नव्या कंपन्यांत भागभांडवल घालणाऱ्या फंडांनी, क्लीनटेकमध्ये (क्लायमेट टेकचं तेव्हाचं नाव) २५ अब्ज डॉलरहून जास्त घातले आणि त्यातले निम्म्याहून अधिक बुडाले. एमआयटीच्या एका गटाने २०१६ मध्ये हा हिशेब मांडला, तो आमच्या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ असतो. सॉफ्टवेअरसाठी शिवलेला अंगरखा कारखान्याला घातला, दुसरं काय. सॉफ्टवेअरवाला दीड वर्षात सांगतो की गिऱ्हाईक आहे की नाही. नवा पदार्थ लॅबमधून पायलटला, पायलटवरून पहिल्या खऱ्या प्लांटला जाईपर्यंत फंडाची मुदत संपत येते.

सोलिंड्राचं नाव ऐकलं असेल. नळकांड्यांसारखी सोलर पॅनलं बनवायचे, सिलिकॉन न वापरता. अमेरिकी ऊर्जा खात्याची ५३.५ कोटी डॉलरची कर्जहमी होती, आणि २०११ मध्ये दिवाळं निघालं. लोक म्हणतात तंत्रज्ञान फसलं. पॅनलं चालत होती हो. पैज लावली होती ती सिलिकॉन महाग राहील यावर. २००८ मध्ये पॉलिसिलिकॉन किलोला ४०० डॉलरच्या वर गेलं होतं, २०११ संपता संपता त्याच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली आलं. म्हणजे प्रतिस्पर्धी स्वस्त होत गेला आणि हे जिथल्या तिथे. आणि गंमत बघा, त्याच खात्याने टेस्लाला ४६.५ कोटी डॉलर कर्ज दिलं होतं, ते टेस्लाने २०१३ मध्ये मुदतीच्या कितीतरी आधी फेडलं. एक लक्षात राहिलं, दुसरं विसरलं गेलं. तुमच्याच क्षेत्रातलं घ्या: लिथियम-आयन पॅकची सरासरी किंमत २०१० मध्ये साठवणीच्या युनिटमागे (किलोवॅट-तास) १,००० डॉलरच्या वर होती, २०२४ मध्ये ब्लूमबर्गएनईएफच्या पाहणीत ११५ वर आली. ज्यांनी 'नवी केमिस्ट्री आजच्या लिथियमपेक्षा स्वस्त पडेल' म्हणून पैसे घातले, त्यांना धावत्या गाडीशी शर्यत लावावी लागली. कुठल्याही कंपनीचं डेक, म्हणजे स्लाइड्स, उघडलं की मी आधी हे बघते, तुलना कुठल्या सालच्या प्रतिस्पर्ध्याशी केली आहे.

आता माझी चूक. ही मी कमी वेळा सांगते.

सिमेंटला पर्याय शोधणारी कंपनी होती. सिमेंटची मेख अशी की भट्टीत काहीही जाळा, चुनखडी तापली की तिच्या पोटातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर ४४ किलो. सिमेंटच्या उत्सर्जनातला सुमारे ६० टक्के भाग असा दगडातून येतो, इंधनातून येतो तो वेगळा. या लोकांनी चुनखडीच वगळली होती. त्यांच्या काँक्रीटचा २८ दिवसांचा क्यूब (चाचणीचा ठोकळा) दाबताना मी स्वतः यंत्रापाशी उभी होते. काटा चढत गेला, नेहमीच्या काँक्रीटच्या पुढे गेला, आणि मग तो तडकल्याचा कोरडा आवाज. मीटर वाचणारी बाई खूश.

मॉडेलमध्ये एक रकाना होता, 'मानकांची मान्यता: १८ महिने'. तो आकडा मी टाकला होता. कुठून आणला? कुठूनच नाही. बारा कमी वाटले, चोवीस लिहिले तर नफ्याचं गणित बसेना. इन्व्हेस्टमेंट कमिटीत दीड तास चर्चा झाली, त्यातला सव्वा तास केमिस्ट्रीवर. त्या रकान्याबद्दल एकाही माणसाने विचारलं नाही.

सिमेंटची बरीचशी मानकं 'यात काय काय असावं' ते सांगतात. 'करून काय दाखवावं' एवढंच विचारणारंही मानक आहे, एएसटीएम सी११५७ हे अमेरिकी मानक, १९९२ पासून. पण मानक कागदावर असणं वेगळं आणि स्ट्रक्चरल इंजिनियरने ड्रॉइंगवर सही करणं वेगळं. त्याची बाजू रास्तच आहे. पूल त्याच्या सहीवर पन्नास-साठ वर्षं उभा राहायचा असतो, आणि २८ दिवसांचा क्यूब काही सांगत नाही की चाळिसाव्या वर्षी आतली सळई गंजेल की नाही. पहिली सही मिळाली पाचव्या वर्षी, तीही एका फूटपाथच्या कामाला. सातव्या वर्षी आमचा फंड म्हणाला, आता नवे पैसे नाहीत. कंपनी पेटंटांच्या भावाने गेली.

फाउंडरला फोन मीच केला. चार मिनिटं बोललो असू. ओरडला वगैरे नाही. एकच विचारलं त्याने, "ते अठरा महिने तुम्ही कशावरून काढले होते?" त्याने आमचा आकडा खरा धरून माणसं नेमली होती.

तेव्हा सेलवाला, 'ठरवतं कोण आणि कशावरून' याचं प्रामाणिक उत्तर असं, की कधी कधी माझ्यासारखी बाई, एका रकान्यात अंदाजाने. आणि ते बरोबर की चूक हे कळायला सात-आठ वर्षं जातात. तुमच्या कामात सकाळी प्लेट बसवली की संध्याकाळी थर्मोकपल, तापमान मोजणारा, तोंडावर सांगतो. इथे थर्मोकपल नाही. मधल्या काळात कंपनीचं मूल्यांकन वाढतं, भांडवलाच्या पुढच्या फेरीत दुसरा कोणी जास्त भावाने शिरतो, आणि तुम्हाला वाटायला लागतं की आपल्याला कळतं. या भ्रमापासून वाचायला मी एक वही ठेवते. प्रत्येक कंपनीला एक पान, नाकारलेल्यांनासुद्धा. तारीख, काय ठरवलं, का ठरवलं, आणि काय घडलं तर मी चुकले असं मानेन. दर जानेवारीत वाचते. मनाला फार बरं वाटत नाही.

बाकीचं भराभर. वाट अशी असते: असोसिएट, मग प्रिन्सिपल, मग पार्टनर, पण फंडात वरच्या जागा मोजक्या आणि वरचे कोणी निवृत्त होत नाहीत, म्हणून बरेच जण चार-पाच वर्षांनी एखाद्या कंपनीत किंवा मोठ्या उद्योगाच्या गुंतवणूक विभागात जातात. परत इंजिनियरिंगमध्ये तीन वर्षांच्या आत सहज घेतात. पाचनंतर लोक विचारतात, हात अजून चालतो का.

कॅरीबद्दल मात्र आजच ईमेल करा. 'अर्धा टक्का' कशाचा? फंडाच्या नफ्याचा की कॅरीच्या रकमेचा? तुमचा फंड १० कोटींचे २० कोटी करू शकला असं धरा, म्हणजे चांगलाच चालला. नफा १० कोटी. त्यातला २० टक्के, २ कोटी, फंड चालवणाऱ्यांची कॅरी. नफ्याचा अर्धा टक्का असेल तर तुम्हाला ५ लाख डॉलर. कॅरीचा अर्धा टक्का असेल तर १ लाख. तेही पैसे देणाऱ्यांचं भांडवल आणि ठरलेला किमान परतावा आधी फिटल्यावर, दहा वर्षांत पसरून, आणि मध्येच सोडलंत तर ठरलेल्या हिश्श्याइतकंच. पत्रातला एक शब्द पाचपट फरक करतो.

आणखी एक विचारा, फंडाचं वय. फंड आज कितव्या वर्षात आहे? बहुतेक फंड पहिल्या चार-पाच वर्षांत नवी गुंतवणूक करतात, नंतर आहेत त्याच कंपन्या सांभाळतात. तिसऱ्या वर्षात शिरलात तर शिकायला वेळ आहे. सहाव्यात शिरलात तर तुम्ही दुसऱ्यांच्या चुकांचे वारस.

---

कर्जखातं

मीटरबाईंचा प्रतिसाद उत्तम, पण एका गोष्टीला हरकत. 'क्लायमेटमध्ये गुंतवणूक' म्हटलं की सगळ्यांना व्हेंचर फंडच कसा दिसतो? जगात या कामाला लागणारा पैसा मोजला तर व्हेंचर ही त्यातली चिमूट आहे. सोलर, वारा, बॅटरी साठवण, वीजवाहिन्या, यात जाणारा मोठा पैसा कर्जाचा आणि पायाभूत सुविधांच्या फंडांचा आहे. मी त्यातलाच, चौदा वर्षं झाली.

आमचं काम कंटाळवाणं आहे, आणि मला तसंच आवडतं. वाऱ्याचा प्रकल्प आला की दोन आकडे बघायचे. पी५० म्हणजे निम्म्या वेळा तरी एवढी वीज होईल, पी९० म्हणजे दहातल्या नऊ वेळा होईल. मग हप्ता भरून किती उरतं ते. वर्षाला हप्ता शंभर रुपये असेल तर हातात एकशे तीसच्या आसपास यायला हवेत, नाहीतर झोप लागत नाही. वीज घेणाऱ्याचा पंधरा-वीस वर्षांचा करार नसेल तर चर्चाच नाही. तंत्रज्ञान नवीन असेल तर फाइल उघडतच नाही, स्पष्ट सांगतो. मीटरबाईंना थर्मोकपल नाही म्हणतात, आमच्याकडे आहे. दर तिमाहीला हप्ता येतो किंवा येत नाही.

आणि खरी जागा रिकामी आहे ती या दोघांच्या मध्ये. पहिला व्यावसायिक प्लांट. व्हेंचरला तो फार महाग, मला फार धोक्याचा. त्याला लागतात दहा कोटी डॉलर, आणि दोन्हीकडचे म्हणतात 'दुसरा बांधलात की या'. बॅटरी सेल बनवणाऱ्या स्वीडनच्या नॉर्थव्होल्टला पैसा कमी नव्हता, कर्ज आणि भांडवल मिळून सुमारे १५ अब्ज डॉलर जमवले होते, तरी मार्च २०२५ मध्ये स्वीडनमध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली. कारखान्यातून ठरल्या दर्जाचे सेल ठरल्या संख्येने बाहेर पडेनात. बीएमडब्ल्यूने त्याआधीच्या वर्षी दोन अब्ज युरोची ऑर्डर काढून घेतली होती. पैसा आणि केमिस्ट्री दोन्ही असून घोडं कशावर अडलं? यील्डवर, म्हणजे बनवलेल्यातले किती सेल दर्जाचे निघतात त्यावर. सेलवाला, यील्ड तुम्हाला कळतं. मला कळत नाही, त्या कमिटीत बसणाऱ्या बहुतेकांना कळत नाही. विमा, उपकरणांची हमी, टप्प्याटप्प्याने सुटणारं कर्ज हे सगळं जुळवून पहिला प्लांट उभा करणारी माणसं मी हाताच्या बोटांवर मोजू शकतो. तुम्ही व्हेंचरमध्ये चार वर्षं काढून तिकडे सरकलात तर तुम्हाला शोधत येतील.

---

तिसरा पायलट

टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. उष्णता साठवण्याची कंपनी चालवतो, नावाप्रमाणे तिसरा पायलट प्लांट सुरू आहे. पहिले दोन का बंद पडले ते विचारू नका.

मागच्या खेपेला भांडवल उभं करताना एका फंडाने अकरा महिने घेतले. कागदपत्रं मागवली, परत मागवली, तेच मॉडेल तीन वेगवेगळ्या असोसिएटना मी पहिल्यापासून समजावलं, कारण दर वेळी आधीचा सोडून गेलेला. शेवटी उत्तर काय, तर "सध्या नाही, पण संपर्कात राहू." त्या अकरा महिन्यांत आम्ही पगार दोनदा उशिरा केले. नाही म्हणणाऱ्यावर माझा राग नाही, टांगून ठेवणाऱ्यावर आहे.

दुसऱ्या फंडातला एक असोसिएट, आधी कुठेतरी देखभाल विभागात होता. आला, स्लाइड्स बघितल्याच नाहीत. म्हणाला, देखभालीचं रजिस्टर दाखवा. आमचं रजिस्टर म्हणजे तेलाचे डाग पडलेली वही. त्यात एकाच पंपाचं सील पाच महिन्यांत चार वेळा बदललेलं त्याला दिसलं. आम्हाला ते रोजचंच झालं होतं. त्याने दोन फोन करून आम्हाला सीलवाल्या माणसाशी जोडून दिलं आणि नवव्या दिवशी नकार कळवला. एक पानी, कारणांसकट. त्यातलं एक कारण मला पटलं नाही, दोन पटली. सील त्यानंतर टिकलं. पुढची फेरी काढली तेव्हा पहिला फोन त्यालाच केला.

पैसे न घालताही एवढं करता येतं, हे कळलेलं माणूस असोसिएट व्हावं एवढीच आमची अपेक्षा.

---

मीटरबाई

कर्जखातं, चिमूट म्हणालात ते मान्य. पण तुमची आजची सोलरची फाइलसुद्धा कधीतरी कोणाच्या तरी चिमटीत होती. दहा वर्षांच्या मुदतीवर हरकत घ्या, तिथे मी तुमच्या बाजूने. बिल गेट्सच्या ब्रेकथ्रू एनर्जी व्हेंचर्सने २०१६ मध्ये वीस वर्षांचा फंड काढला तेव्हा आमच्याकडे लोक हसले होते. मी सिमेंटच्या पानावर पेन्सिलीने 'वीस असती तर?' असं लिहून ठेवलंय.

तिसरा पायलट, अकरा महिने टांगून ठेवणारे आमच्यातलेच, काय बोलू. कारण सांगते, सबब नव्हे. स्पष्ट नकार दिला आणि कंपनी पुढे मोठी झाली तर तो नकार नावावर राहतो. 'सध्या नाही' म्हटलं की दोन्हीकडून सुटका.

---

सेलवाला

एवढ्या लांब प्रतिसादांची अपेक्षा नव्हती, मनापासून आभार. मीटरबाई, काल ईमेल केला. उत्तर आलं: अर्धा टक्का कॅरीच्या रकमेचा. म्हणजे तुमच्या हिशेबातला १ लाखवाला. आणि फंड चौथ्या वर्षात आहे. पार्टनरबाईंनी मोकळेपणाने सांगितलं की नव्या तीन-चार गुंतवणुकी बाकी आहेत, मग आहेत त्या नऊ कंपन्या. त्यातल्या दोन बॅटरीच्या, आणि एका ठिकाणी यील्ड साठ टक्क्यांच्या पुढे जात नाहीये. म्हणूनच मला विचारलं असावं, आता कळतंय.

ती चार पानं परत लिहायला घेतली. 'विकत कोण घेणार' यासाठी पॅक बनवणाऱ्या दोन ओळखीच्यांना फोन केला. दोघंही म्हणाले, सेल कितीही चांगला असो, दुसरा पुरवठादार असल्याशिवाय आम्ही डिझाइनमध्ये घेत नाही. हे मला सात वर्षांत ठाऊक असायला हवं होतं. आम्हीही तसंच करतो.

---

मीटरबाई

मग त्या दोन फोननी तुमचं अर्धं पान भरलं.

चौथं वर्ष वाईट नाही. पण राखीव किती ठेवलंय ते विचारा. नऊ कंपन्यांना पुढच्या फेरीत द्यायला पैसे शिल्लक नसतील तर तुमचं काम यील्ड सुधारण्याचं नसून बाहेरचा पैसा शोधण्याचं होईल, आणि ते तुम्हाला हवंय का ते तुम्ही ठरवा. साठ टक्क्यांवर अडलेल्या कंपनीच्या बोर्डावर निरीक्षक म्हणून बसायला मिळेल का तेही लेखी मागा. पगार वाढवून मागण्यापेक्षा हे मागितलेलं त्यांना जड जाणार नाही, आणि तुमच्या ते जास्त उपयोगाचं. कॅरी 'पुढच्या फंडात वाढवू' म्हणतील, तर तो फंड उभा राहिल्यावर बोलू म्हणा.

आणि होकार कळवण्याआधी एकदा त्या कारखान्यात जाऊन या. शक्यतो रात्रपाळीला. स्क्रॅपचा डबा कुठे ठेवतात ते बघा, आणि त्यातले सेल कुठल्या टप्प्यावर फेकलेत ते मोजून या.